बुलेटिन बोर्डावरील फाइलवर्णने : सीडी-रॉमपूर्वी आणि सीडी-रॉमनंतर

टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डावर वाचकाला फाइल कधीच दिसत नसे. दिसे ती तिच्याविषयीची एक ओळ. टिंबासह बारा अक्षरांत बसणारे नाव, आकार, तारीख आणि त्यापुढे चाळीस-पंचेचाळीस अक्षरांचे वर्णन, एवढ्या सामग्रीवर त्याने ठरवावयाचे असे की, ही वस्तू मागवावी किंवा न मागवावी. निर्णय चुकल्यास त्याची किंमत वेळेत मोजावी लागे. प्रतिसेकंद २४०० बिट वेगाच्या मोडेमवर तीन लक्ष बाइटांची मध्यम आकाराची फाइल उतरून घेण्यास सुमारे २१ मिनिटे लागत. बहुतेक बोर्डांवर प्रत्येक सभासदाला दिवसाकाठी ठराविक मिनिटेच मिळत, आणि बोर्ड दूरच्या गावी असेल तर टेलिफोनचे भाडे वेगळे. इतक्या थोड्या शब्दांवर इतका भरवसा टाकावयास लावणारे गद्यप्रकार फारसे नाहीत. ह्या एका कारणास्तव तरी फाइलवर्णनाकडे भाषेच्या अभ्यासकाने पाहावयास हवे. आणि तसे पाहिले असता असे दिसते की, सीडी-रॉम तबकडी बोर्डाला जोडण्याची जी खटपट केवळ यांत्रिक समजली गेली, तिनेच ह्या गद्यप्रकाराचे रूप पालटले.

बुलेटिन बोर्डाचा आरंभ शिकागो येथे झाला. वॉर्ड क्रिस्टेन्सेन व रँडी स्यूस ह्यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी आपला बोर्ड सुरू केला. एक संगणक, एक टेलिफोनची तार, आणि एका वेळी एकच वाचक, असा तो प्रकार. निरोप लावणे व वाचणे हे मूळ प्रयोजन; फाइलींची देवाणघेवाण त्यामागोमाग रुजली, कारण ती करण्यासाठी लागणारा, १२८ बाइटांचा एकेक तुकडा तपासून पाठविणारा संकेत क्रिस्टेन्सेन ह्यांनी १९७७ मध्येच तयार केला होता. पुढे अमेरिकेत व इतरत्र असे बोर्ड घरोघरी निघाले. त्यांचे चालक बहुधा हौशी असत. फाइलींचे विभाग पाडणे, याद्या लिहिणे, जुने काढून नवे भरणे ही कामे त्यांनी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खर्चाने केली.

ह्या पहिल्या काळातील व्यवस्था साधी होती. टॉम जेनिंग्ज ह्यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या फिडो प्रणालीत, आणि तिच्या वळणाने गेलेल्या अनेक प्रणालींत, प्रत्येक फाइलसंग्रहात फाइल्स.बीबीएस ह्या नावाची एक साधी मजकुराची यादी ठेवलेली असे. ओळीच्या आरंभी फाइलीचे नाव, एक मोकळी जागा, आणि पुढे वर्णन. यादी आणि जिन्नस एकाच कप्प्यात शेजारी शेजारी राहत. वर्णन लिहावयाचा मान पहिल्यांदा फाइल आणून देणाऱ्याचा. चालकाला ते न पटल्यास तो खाडाखोड करी. अशा रीतीने प्रत्येक ओळीमागे दोन माणसे उभी असत. एकाने वस्तू वापरून पाहिलेली असे, निदान तसे गृहीत धरता येई. दुसऱ्याला आपले वाचक कोण हे ठाऊक असे. १९८० च्या दशकाच्या मध्यास २० मेगाबाइटची हार्ड डिस्क हेही मोठे वैभव होते. जागा थोडी म्हणून निवड कडक, आणि निवड कडक म्हणून वर्णनाकडे लक्ष, असा हा संबंध आहे.

त्या काळातील वर्णने सर्वच चांगली होती असे मात्र मानण्याचे कारण नाही. आळशी ओळी पुष्कळ असत. ‘छान खेळ’ एवढ्यावर काम भागविणारे लोक तेव्हाही होते. फरक एवढाच की, तशी ओळ कोणी लिहिली हे बोर्डावर विचारता येत असे, आणि विचारले जातही असे.

सीडी-रॉमवरील फाइलव्यवस्थेचा आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९६६०, १९८८ मध्ये मान्य झाला. डॉस प्रणालीच्या संगणकावर एक पूरक आज्ञावली बसविली की ही तबकडी दुसऱ्या कोणत्याही डिस्कप्रमाणे एका अक्षराने ओळखली जाई. तिच्यावर सुमारे ६५० मेगाबाइट मावत. म्हणजे वर उल्लेखिलेल्या हार्ड डिस्कच्या तीसपटीहून अधिक. १९९० च्या दशकाच्या आरंभी अशा तबकड्या मुक्त व शेअरवेअर आज्ञावलींनी भरून विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकी लष्कराच्या न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स तळावरील संगणकावर वाढलेला सिमटेल हा संग्रह कॅलिफोर्नियातील वॉलनट क्रीक सीडीरॉम ह्या १९९१ साली स्थापन झालेल्या संस्थेने तबकडीवर आणला, हे त्यांतले ठळक उदाहरण. ज्या बोर्डचालकाने वर्षानुवर्षे एकेक फाइल जमविली होती त्याला आता एका टपालात हजारो फाइली मिळू लागल्या. प्रतिसेकंद २४०० बिटांच्या गतीने एक पुरी तबकडी तारेवरून उतरून घ्यावयाची म्हटली तर अहोरात्र सुमारे ३१ दिवस लागले असते. १४,४०० बिटांच्या गतीनेही पाच दिवसांहून अधिक. तेव्हा ह्या भांडारातून कोणी काही घ्यावयाचे तर ते निवडूनच घ्यावे लागणार, आणि निवडीचे साधन पुन्हा ती एक ओळच.

आता बोर्डाला तबकडी जोडताना काय करावे लागे ते पाहावयाचे. पहिली अडचण अशी की, तबकडीवर लिहिता येत नाही. फाइल्स.बीबीएस ही यादी फाइलींच्या शेजारी ठेवावी तर ती तबकडीबरोबर जी आली असेल तीच. तिच्यात एक अक्षर बदलता येणार नाही, आणि कित्येक तबकड्यांवर ती त्या रूपात नसेही. कोणती फाइल किती वेळा उतरवली गेली ह्याचा आकडा कित्येक चालक यादीतच मांडीत. तोही तेथे मांडता येणार नाही. म्हणून बोर्डप्रणालींना प्रत्येक विभागासाठी दोन वेगळे मार्ग सांगण्याची सोय करावी लागली. एक मार्ग फाइली कोठे आहेत हे सांगणारा, तो तबकडीकडे जाई. दुसरा यादी कोठे आहे हे सांगणारा, तो हार्ड डिस्ककडे. विन्यासाच्या फाइलीत एकाखाली एक लिहिलेल्या ह्या दोन ओळी. त्यांपूर्वी नाव आणि वस्तू ह्यांचे सान्निध्य स्वाभाविक होते. त्यांनंतर ते चालकाच्या शब्दावर अवलंबून राहिले.

दुसरी अडचण वेगाची. आरंभीच्या सीडी-रॉम यंत्रातून सेकंदाला सुमारे १५० किलोबाइट वाचले जात. मोडेमच्या मानाने हा वेग कितीतरी अधिक होय. पण एका जागेवरून दुसऱ्या जागी जावयास त्या यंत्राला शेकडो मिलिसेकंद लागत. बोर्डावर यादी दाखविताना प्रणाली प्रत्येक नावासाठी डिस्कवर जाऊन ती फाइल खरोखर आहे की नाही, तिचा आकार किती, तारीख कोणती हे पाहत असे. हजार नावांसाठी हजार वेळा हे होऊ लागले तर वाचकापुढे यादी एकेक ओळ अडखळत यावयाची. त्यातच दोन तारांवरचे दोन वाचक तबकडीच्या दोन टोकांच्या फाइली मागू लागले की वाचनशीर्ष नुसते इकडून तिकडे धावत राही. कॅनडातील स्कॉट डडली ह्यांच्या मॅक्सिमस प्रणालीत ह्यावर जो उपाय होता तो नमुनेदार आहे. विभागाच्या वर्णनात ‘सीडी’ हा एक प्रकारदर्शक शब्द घातला की तीन गोष्टी एकदम लागू होत: हा विभाग संथ आहे, सबब आकार व तारीख तबकडीवर न शोधता आधी करून ठेवलेल्या सूचीतून घ्यावी, फाइल पाठविण्यापूर्वी तिची प्रत हार्ड डिस्कवर करून घ्यावी व तेथून पाठवावी, आणि ‘नवीन काय आले’ ह्या शोधात हा विभाग धरू नये, कारण येथे नवीन काही येणारच नाही.

तिन्ही सूचना यंत्राच्या सोयीच्या आहेत, आणि त्या दृष्टीने निर्दोष आहेत. परंतु त्यांचा अर्थ भाषेच्या अंगाने लावून पाहावा. पहिल्या सूचनेने यादी ही वस्तूची साक्षीदार राहिली नाही. पूर्वी ओळ छापण्यापूर्वी प्रणाली वस्तूकडे बोट ठेवून खात्री करून घेत होती. आता ती मागच्या कोणत्यातरी दिवशी केलेल्या नोंदीवरून बोलू लागली. तबकडीची नवी आवृत्ती बसविली, पण सूची नव्याने केली नाही, तर यादीत असलेली फाइल तबकडीवर नसावयाची, आणि तबकडीवर असलेली यादीत नसावयाची. वाचक नाव टंकून मागणी करी, आणि फाइल उपलब्ध नाही असे उत्तर मिळे. सहा तबकड्या फिरवून लावणारे यंत्र असेल तर आणखी एक घोटाळा होई: कोणत्या खणात कोणती तबकडी हा क्रम बदलला की सबंध विभागच्या विभाग दुसऱ्याच वस्तूंकडे बोट दाखवू लागे. नावांनी वस्तूंवरचा हक्क गमावल्याचे इतके निव्वळ उदाहरण भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही मिळावयाचे नाही.

नावांची गोष्ट निघाली म्हणून येथेच एक उपकथा. आयएसओ ९६६० च्या पहिल्या पातळीचे नियम काटेकोर पाळल्यास नावात इंग्रजी मोठी अक्षरे, अंक व अधोरेखा एवढीच चिन्हे चालत. आठ अक्षरे, टिंब, तीन अक्षरे. डॉसमध्ये मात्र संयोगचिन्ह, उद्गारचिन्ह, इतर काही खुणा चालत असत. त्यामुळे हार्ड डिस्कवर एका नावाने वावरणारी फाइल तबकडीवर जाताना नाव बदलून जाण्याचा संभव असे, आणि जुन्या नावाने केलेली यादी तिला सापडत नसे. आठ अक्षरांत माणसांनी जी कसरत केली ती मोठी मनोरंजक आहे. पीकेझेड२०४जी हे नाव घ्यावे. पहिली तीन अक्षरे कूळ सांगतात, पुढचे तीन अंक आवृत्ती २.०४ असल्याचे, आणि अखेरचे अक्षर त्या आवृत्तीतील दुरुस्ती. धातू, प्रत्यय व अंत्यप्रत्यय असा हा पदविन्यासच आहे, आणि तो कोणी शिकविल्यावाचून हजारो लोक वाचू शकत होते.

दुसरी सूचना, आधी प्रत करण्याची. तिच्यात भाषेच्या दृष्टीने विशेष काही नाही. तिसरी मात्र वाटते त्यापेक्षा गंभीर आहे. ‘येथे नवीन काही येणार नाही’ असे ज्या विभागाबद्दल जाहीर झाले, तो विभाग संवादातून बाहेर पडला. बोर्डावर नव्या फाइलींचा शोध हा वाचकांच्या रोजच्या भेटीचा पहिला विधी असे. चर्चा व्हावयाची ती त्यांचीच. तबकडीवरील विभाग त्या चर्चेत येत नसत, आणि त्यांच्या वर्णनातील चूक कोणी दाखवून देत नसे. त्या ओळी कोणी लिहिल्या हेही आता सांगता येत नव्हते. बहुतेक तबकड्यांबरोबर निरनिराळ्या बोर्डप्रणालींसाठी तयार याद्या दिलेल्या असत. चालकाने त्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्या, दोन मार्ग लिहावे, सूची करावी, आणि एका सायंकाळी त्याचा बोर्ड हजारो फाइलींचा धनी व्हावा, हे शक्य होते. ज्याने एक ओळही लिहिली नाही असा ग्रंथपाल ही त्या दशकाची निर्मिती होय.

येथे वर्णनाच्या घाटाकडे वळावयास हवे, कारण तोही ह्याच सुमारास निश्चित झाला. संगणकाचा पडदा ८० रकान्यांचा. पीसीबोर्ड ह्या बहुप्रसृत प्रणालीच्या यादीत नाव, आकार, तारीख आणि त्यांमधील मोकळ्या जागा मिळून ३३ रकाने जात. वर्णनासाठी उरत ते ४५ च्या घरात. ह्याच प्रणालीच्या परिसरात फाइलवर्णनाचा नवा संकेत निघाला: दाबून ठेवलेल्या संग्रहफाइलीच्या पोटातच फाइल_आयडी.डीआयझेड ह्या नावाची एक छोटी मजकुराची फाइल ठेवावी, आणि बोर्डाने ती काढून वर्णन म्हणून वापरावी. ओळी फार तर दहा, ओळीत अक्षरे फार तर पंचेचाळीस. शेअरवेअरच्या लेखकांच्या संघटनेत रिचर्ड हॉलर ह्यांनी ह्या संकेताचा नेटाने पुरस्कार केला व त्याचे नियम लिहून प्रसृत केले. आज्ञावलीचे नाव मोठ्या अक्षरांत, मग आवृत्ती, मग आडवी रेघ, मग वर्णन. काही बोर्ड दोनच ओळी दाखवितात, म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या दोन ओळींत यावी, असा त्यांचा आग्रह.

ह्या संकेताचे मोल ठरविताना आपल्या हस्तलिखितांतील पुष्पिकेची आठवण होणे अपरिहार्य आहे. ग्रंथाच्या अखेरीस लेखनिक ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, कधी शक व तिथी लिहितो. पोथी कोणाच्याही हाती गेली तरी ही ओळख तिच्याबरोबर जाते. ग्रंथालयाची सूची ही वेगळी वस्तू. ती ग्रंथालयाची असते, पोथीची नव्हे. डीआयझेड फाइल ही पुष्पिका होय. सीडी-रॉमने नाव व वस्तू ह्यांची ताटातूट केली त्याच वेळी हा संकेत नावाला पुन्हा वस्तूच्या पोटात नेऊन ठेवतो. यादी हरवली, तबकडी बदलली, बोर्ड बंद पडला, तरी फाइल आपली ओळख स्वतःजवळ बाळगून आहे. हा विचार निःसंशय मोठा आहे.

तथापि पुष्पिका लिहिणारा आता स्वतः कर्ता झाला, आणि कर्ता हा आपल्या ग्रंथाचा निःपक्षपाती वर्णनकार क्वचितच असतो. मीमांसकांनी व नैयायिकांनी वाक्यार्थाला लागणाऱ्या ज्या तीन गोष्टी सांगितल्या, आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी, त्यांच्या कसोटीला ही पंचेचाळीस अक्षरी वाक्ये लावून पाहण्याजोगी आहेत. नमुन्यादाखल रचलेली दोन वर्णने घेऊ. पहिले: ‘सर्वोत्कृष्ट! एकदा पाहाच! पूर्वीपेक्षा वेगवान, आता रंगीत.’ दुसरे: ‘दोन मजकूर-फाइलींतील फरक ओळीनुसार दाखवितो. ६४० किलोबाइटांत चालतो. ३० दिवस विनामूल्य.’ पहिल्यात क्रियापदे आहेत, उद्गार आहेत, पण कर्ता नाही. काय पाहावयाचे, कशापेक्षा वेगवान, ह्या आकांक्षा उठतात आणि तशाच राहतात. दुसऱ्यात कर्ता अध्याहृत आहे तरी वाक्याला उणेपणा नाही, कारण तो शेजारच्या रकान्यात नाव म्हणून उभा आहे; सन्निधीनेच त्याची पूर्ती होते. वर्णनाची ओळ ही नावाची विधेय आहे, हे ज्याला उमगले त्याला पंचेचाळीस अक्षरे पुरतात. ज्याला उमगले नाही त्याला दहा ओळीही अपुऱ्या.

तबकड्यांच्या संकलकांनी ह्या सन्निधीवरच घाव घातला. डीआयझेडच्या दहा ओळींतून त्यांनी यादीसाठी बहुधा पहिलीच उचलली, आणि तीही रकाना संपला तेथे तोडली. ज्या लेखकाने पहिल्या ओळीत नाव व आवृत्ती सांगून दुसरीत काम सांगितले होते, त्याचे कामच गळाले. यादीत नाव दोनदा आले, एकदा फाइलीचे आणि एकदा आज्ञावलीचे, आणि विधेय एकदाही नाही. उलट ज्यांनी चौकटी रेखून, मधोमध आपल्या टोळीचे नाव कोरून डीआयझेडचे तोरण केले होते, त्यांच्या वर्णनाची पहिली ओळ म्हणून यादीत नुसत्या आडव्या रेघा उमटल्या. हा काव्यगत न्याय म्हणून कोणी हसून सोडून दिला तरी मागणी करणाऱ्या वाचकाची मिनिटे जावयाची ती गेलीच. शिवाय कित्येक बोर्ड आपल्याकडून जाणाऱ्या संग्रहफाइलीत स्वतःची जाहिरात घालून देत. म्हणजे पुष्पिकेत प्रत्येक हस्तांतराच्या वेळी नवा मालक आपले नाव लिही, आणि मूळ कर्त्याचे शब्द त्या गर्दीत शोधावे लागत.

ह्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. पाच हजार फाइलींची वर्णने एका माणसाने तपासावी ही अपेक्षाच अवास्तव नव्हे काय? चालक हा नोकरी करून फावल्या वेळात बोर्ड चालविणारा मनुष्य. वाचकाला विविधता हवी होती, ती त्याने दिली. पुष्कळ बोर्डांवर संग्रहफाइल उतरविण्यापूर्वी तिच्या पोटात कोणत्या फाइली आहेत ते पाहण्याची, त्यातील माहितीपत्र वाचण्याची सोयही होती. आक्षेपाचा पहिला भाग मान्य केलाच पाहिजे. पाच हजार ओळी कोणी पुन्हा लिहू शकत नाही. परंतु विन्यास म्हणजे केवळ ओळी लिहिणे नव्हे. तबकडीवर जितके कप्पे तितके विभाग जसेच्या तसे उघडावयाचे, की त्यांतले निम्मे बंद ठेवून उरलेल्यांना आपल्या वाचकांना समजतील अशी नावे द्यावयाची, हा निर्णय एका सायंकाळचाच आहे. तबकडीवरील कप्प्याचे नाव आठ अक्षरांचे, बहुधा संक्षिप्त. विभागाचे नाव मात्र चालक स्वतः लिहितो. ज्यांनी तेथेही कप्प्याचेच नाव चिकटविले त्यांनी संपादनाची हाती असलेली अखेरची संधी सोडली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. आणि संग्रहाच्या पोटात डोकावण्याची सोय ही ज्याने मागावयाचे ठरविले त्याच्यासाठी आहे. यादी चाळणाऱ्यासाठी नाही. पाच हजार पोथ्या उघडून पाहता आल्या असत्या तर सूचीची गरजच उरली नसती.

देवनागरीतून असे वर्णन लिहिण्याचा प्रश्न येथे स्पर्शून जावयास हवा, कारण १९९० च्या दशकात मुंबईतही बोर्ड चालत होते. अडचण अक्षरसंकेताची होती. डॉसच्या रूढ संकेतात २५६ स्थाने. पहिली १२८ इंग्रजीची, पुढची १२८ युरोपीय स्वराघाताची अक्षरे, चौकटीच्या रेघा व काही खुणा ह्यांची. १९९१ च्या भारतीय मानकाने, इस्कीने, देवनागरी ह्याच वरच्या १२८ स्थानांत बसविली. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड ज्याच्या संगणकात असेल त्याला त्या स्थानी देवनागरी दिसे. नसेल त्याला त्याच ओळीत चौकटीचे तुकडे आणि फ्रेंच अक्षरे दिसत. दोन्ही टोकांना एकच कार्ड असल्याखेरीज मराठी वर्णन हे वर्णनच होऊ शकत नव्हते. त्यामुळे मराठी माणसाने आपल्या आज्ञावलीचे वर्णन लिहिले तरी ते रोमन लिपीतून, आणि तिला त्या सर्व यादीची जी इंग्रजी त्रोटक भाषा होती तिच्यातूनच लिहिणे सोयीचे. ह्या गद्यप्रकाराला मराठी रूप लाभले नाही त्याचे कारण मराठीच्या सामर्थ्यात शोधण्याची गरज नाही.

हा सर्व विचार आज करावयाचे कारण असे की, बोर्ड गेले आणि तबकड्या राहिल्या. पीसीबोर्डची निर्माती कंपनी १९९७ मध्ये बंद झाली. त्या सुमारास वाचकवर्ग इंटरनेटकडे वळला होता. बोर्डांच्या हार्ड डिस्का पुसल्या गेल्या, विकल्या गेल्या, निकामी झाल्या. तबकडीवर मात्र कोणाला लिहिता येत नव्हते, हाच तिचा दोष तिला तारून गेला. जेसन स्कॉट ह्यांनी १९९८ मध्ये बोर्डांवरील मजकुराचा संग्रह सार्वजनिक केला, पुढे शेअरवेअरच्या तबकड्याही मोठ्या संख्येने जमविल्या, आणि २००५ मध्ये बोर्डांच्या इतिहासावर दीर्घ अनुबोधपट प्रसिद्ध केला. त्या काळातील त्रोटक लेखनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज लाखो वर्णने घरबसल्या मिळू शकतात. सामग्री विपुल आहे, आणि विपुलतेनेच फसविणारी आहे.

ह्या सामग्रीचा उपयोग करताना पाठचिकित्सेची शिस्त सोडून चालणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतावृत्तीत विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनी जे तत्त्व व्यवहारात आणले ते येथे जसेच्या तसे लागू पडते: परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांची एकवाक्यता हा पुरावा, एकाच मूळ प्रतीवरून निघालेल्या शंभर प्रती मिळून एकच साक्षीदार. एकच ओळ तीस तबकड्यांवर आढळली तर ती तीस माणसांनी लिहिली असे नव्हे. बहुधा एका संकलकाने दुसऱ्याची यादी उचलली. दोन याद्यांत वर्णन एकाच अक्षरावर तुटलेले असेल, किंवा एकच शुद्धलेखनाची चूक दोन्हीकडे असेल, तर त्यांचे कूळ एक मानावे आणि गणनेत ती ओळ एकदाच धरावी. यादीतील तारीख ही फाइलीची आहे, वर्णनाची नव्हे. वर्णन वर्षा-दोन वर्षांनी लिहिलेले असू शकते. त्रोटकपणा हा लेखकाचा गुण म्हणून नोंदविण्यापूर्वी मूळ डीआयझेड संग्रहफाइलीच्या पोटातून काढून यादीशी ताडून पाहावा. पुष्कळदा असे आढळेल की, लेखकाने पुरे वाक्य लिहिले होते आणि तोडले ते रकान्याने. हे ताडून पाहणे ह्या अभ्यासात शक्य आहे, कारण पुष्पिका आणि सूची दोन्ही एकाच तबकडीवर आहेत. पोथ्यांच्या अभ्यासकाला हे भाग्य क्वचितच लाभते.

एक साक्षीदार मात्र ह्या पुराव्यातून कायमचा गळाला आहे. ज्या चालकांनी दोन मार्ग लिहून थांबण्यापेक्षा अधिक केले, तबकडीबरोबर आलेली यादी हार्ड डिस्कवर घेऊन तिच्यातील निरुपयोगी ओळी काढल्या, तुटलेली वाक्ये पुरी केली, ‘हा खेळ चालत नाही’, ‘ह्याची नवी आवृत्ती दुसऱ्या विभागात आहे’ अशा नोंदी घातल्या, त्यांचे काम दुसऱ्या मार्गाच्या टोकाशी होते, आणि ती डिस्क राहिली नाही. तबकडीवर आज जी यादी वाचावयास मिळते ती त्यांच्या दुरुस्तीपूर्वीची.